मुरणारा धातू

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसा येथे खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. गुरांच्या बाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी ही यात्रा पूर्वापार प्रसिद्ध आहे. अशा यात्रेत कोयते, विळे, कुऱ्हाडी मांडून बसलेला लोहार आणि त्याच्या जवळपास पातेली, परातींची चळत लावलेला भांडीवाला असे दोघेही भेटतात. गिऱ्हाईक लोहाराकडे कोयता घेते तेव्हा धारेवर अंगठा आडवा फिरवते, पात्यावर टिचकी मारून नाद ऐकते आणि विचारते, ‘पाणी बरं दिलंय ना?’ भांडीवाल्याकडे असा प्रश्न कोणी विचारत नाही. तिथे पातेले तागडीत पडते आणि वजनावर भाव ठरतो.

या दोन दुकानांमधल्या अंतराची गोष्ट सांगणे हा या लेखाचा हेतू आहे. लोखंडाला पाणी पाजतात हे शहापूर-मुरबाडच्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक असते. ॲल्युमिनियमलाही पाणी पाजता येते, पण तो शोध लागून शंभरावर वर्षे झाली तरी गावातल्या भट्टीपर्यंत तो फारसा पोचला नाही. तो का पोचला नाही, याचे उत्तर काही अंशी धातूच्या स्वभावात आहे आणि काही अंशी आपल्या समाजात ज्ञान कसे वाटले गेले त्यात आहे.

लोहाराचा डोळा

आधी लोहाराची रीत पाहू. पाते भट्टीत लाल होते, ऐरणीवर ठोकून आकाराला येते, पुन्हा तापते आणि मग त्याची धार पाण्यात बुडवली जाते. चर्र आवाज होतो, पोलाद कडक होते. नुसते कडक ठेवले तर ते काचेसारखे फुटेल, म्हणून पात्याच्या उरलेल्या उष्णतेने धार थोडी पुन्हा तापू देतात. घासलेल्या पात्यावर रंग सरकत येतात : आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. हवा तो रंग आला की पाते पुन्हा पाण्यात. या सगळ्या कामात तापमापक कुठेच नाही. पोलाद स्वतःच स्वतःचे तापमान रंगाने सांगते आणि लोहार ते वाचतो. ही विद्या बापाकडून मुलाकडे डोळ्यांवाटे जाते.

ॲल्युमिनियमपाशी हा डोळा आंधळा होतो. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. त्याला पाणी पाजायचे तापमान मिश्रधातूप्रमाणे साधारण ५०० ते ५४० अंशांच्या दरम्यान असते. त्या उष्णतेला दिवसाउजेडी हा धातू लाल दिसत नाही. जसा थंड, तसाच पांढुरका. थोडी आच वाढली की कडा ढासळतात आणि केलेले काम डबक्यासारखे भट्टीत बसते. पोलाद आधी इशारा देते. ॲल्युमिनियम सरळ वितळते.

पॅरिसची वीट आणि वाशिंदची गाडी

या धातूचा आणि या मुलखाचा इतिहास योगायोगाने एकाच वर्षी सुरू करता येतो. १८५५ च्या ऑक्टोबरात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची वाट कल्याणहून पुढे वाशिंदपर्यंत, म्हणजे आजच्या शहापूर तालुक्यात आली. त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात आंरी सेंत-क्लेर दव्हील या रसायनशास्त्रज्ञाने तयार केलेल्या ॲल्युमिनियमच्या विटा मांडलेल्या होत्या. तेव्हा हा धातू दागिन्यांच्या पंक्तीत बसत होता. १८८४ साली वॉशिंग्टन स्मारकाच्या शिखरावर बसवण्यासाठी फिलाडेल्फियाच्या विल्यम फ्रिशमथने ॲल्युमिनियमचा सुमारे २.८५ किलोचा छोटा पिरॅमिड ओतला. ॲल्युमिनियमच्या ओतीव कामाचा हा एक गाजलेला आरंभ.

दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी एकमेकांच्या नकळत विजेच्या साहाय्याने हा धातू वेगळा करण्याची रीत काढली आणि भाव कोसळला. राजांच्या पंगतीतला धातू काही वर्षांत गरिबाच्या चुलीवर आला. भारतात ते काम १८९८ मध्ये मद्रासला आल्फ्रेड चॅटर्टन या अभियंत्याने सुरू केले. तिथल्या स्कूल ऑफ आर्ट्समध्ये त्याने ॲल्युमिनियमची भांडी घडवायला घेतली. तांब्या-पितळेच्या कारागिरांना नवे काम मिळावे ही त्यामागची कल्पना होती. धंदा चालला आणि १९०३ मध्ये तो एका खासगी कंपनीकडे गेला.

महाराष्ट्राच्या खेड्यांत या भांड्यांना नाव मिळाले ते ‘जर्मन’. ‘जर्मनचं पातेलं’, ‘जर्मलचा डबा’ हे शब्द आजही कानावर येतात. त्याआधी बाजारात जर्मन सिल्व्हर नावाचा तांबे, जस्त आणि निकेल यांचा पांढरा मिश्रधातू होता. पांढऱ्या दिसणाऱ्या या नव्या भांड्यांना त्याचेच नाव चिकटले असावे. नाव धातूचे असले तरी त्यात पत मोजलेली होती. पितळेचा हंडा लग्नात देतात, मोडीत घालून अडीअडचणीला पैसे मिळवतात. जर्मनला ती प्रतिष्ठा नव्हती. ते हलके, त्याला लवकर पोचे येतात, म्हणून ते गरिबाचे. हा धातू मुळातच दुबळा, असा एक समज त्यातून पक्का होत गेला.

शनिवार आणि सोमवार

हा समज खोटा ठरवणारा माणूस मात्र खरोखरच जर्मन निघाला. बर्लिनजवळच्या नॉयबाबेल्सबर्ग येथील संशोधन केंद्रात आल्फ्रेड विल्म हा धातुशास्त्रज्ञ काम करत होता. बंदुकीच्या काडतुसांसाठी पितळेऐवजी हलका धातू मिळतो का, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. पोलादाला जमते ते ॲल्युमिनियमला का जमू नये, या विचाराने त्याने तांबे आणि थोडे मॅग्नेशियम घातलेले ॲल्युमिनियम तापवून पाण्यात बुडवायला सुरुवात केली. १९०६ सालची गोष्ट अशी सांगितली जाते, की एका शनिवारी असा तुकडा बुडवून त्याचा कडकपणा मोजायला घेतला आणि काम अर्धवट ठेवून मंडळी घरी गेली. सोमवारी उरलेली मोजणी केली तर तोच तुकडा बराच अधिक कडक निघाला. मधल्या दीड-दोन दिवसांत त्याला कोणी हात लावला नव्हता. तो नुसता पडून होता.

पोलाद पाण्यात पडताच कडक होते. ॲल्युमिनियमचा हा मिश्रधातू पाण्यातून निघतो तेव्हा उलट मऊ असतो आणि मग हळूहळू कडक होत जातो. मराठीत यासाठी आयता शब्द आहे : मुरणे. लोणचे घातल्या दिवशी खाल्ले तर कैरी वेगळी आणि मसाला वेगळा लागतो, मुरल्यावर त्याचे लोणचे होते. विल्मचा धातू तसा मुरला होता. १९०९ पासून ड्यूरेन गावातल्या कारखान्यात तो ‘ड्युरॅल्युमिन’ या नावाने तयार होऊ लागला. पुढे झेपेलिनची हवाई जहाजे आणि विमानांचे सांगाडे त्यातून उभे राहिले. विल्म स्वतः मात्र संशोधन सोडून शेती करू लागला आणि १९३७ मध्ये वारला.

आपण काय शोधले हे विल्मला पुरते उलगडले नव्हते. १९१९ मध्ये अमेरिकेतल्या मेरिका, वॉल्टनबर्ग आणि स्कॉट या तिघांनी त्याचा अर्थ लावला. दिवाळीच्या दिवसांत तो समजायला सोपा आहे. गरम पाण्यात साखर जास्त विरघळते. पाक सावकाश थंड झाला की साखर मोठ्या खड्यांनी तळाशी बसते. ॲल्युमिनियममध्ये तांब्याचे असेच होते. ५४८ अंशांना घट्ट धातूतच साडेपाच टक्क्यांहून जास्त तांबे सामावते, नेहमीच्या हवेच्या तापमानाला मात्र त्यातले अर्धा टक्काही राहत नाही. धातू सावकाश निवला तर तांबे जाडसर कणांत गोळा होते आणि त्याचा ताकदीला फारसा उपयोग होत नाही. तोच एकदम पाण्यात बुडवला तर तांब्याला वेगळे व्हायला सवड मिळत नाही आणि ते जागच्या जागी अडकून पडते. मग दिवसेंदिवस, किंवा थोडी ऊब दिली तर काही तासांत, ते अतिसूक्ष्म पुंजक्यांनी बाहेर येऊ लागते. हे पुंजके धातूच्या थरांना एकमेकांवरून घसरू देत नाहीत. तोच कडकपणा. १९३८ मध्ये फ्रान्समध्ये गिनिए आणि इंग्लंडमध्ये प्रेस्टन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने या पुंजक्यांचा माग काढला. ऊब फार दिली तर पुंजके जाड होतात आणि धातू पुन्हा मऊ पडतो. लोणचे उतरते तसे.

सायकलवाल्यांचे इंजिन

आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची घटना विल्मच्याही आधीची आहे, फक्त ती कळायला नव्वद वर्षे लागली. राइट बंधूंनी १९०३ मध्ये जे विमान उडवले त्याचे इंजिन त्यांच्या सायकलच्या दुकानात चार्ली टेलर या मेकॅनिकने जुळवले होते. वजन कमी राहावे म्हणून इंजिनाचे मुख्य घर ॲल्युमिनियमचे, डेटन गावातच ओतून घेतलेले. फेब्रुवारीत चाचणीच्या वेळी बेअरिंग अडकले आणि पहिले घर फुटले. दुसरे ओतून घ्यावे लागले. त्या दुसऱ्या ओतीव घराने डिसेंबरात इतिहास घडवला.

१९९४ मध्ये फ्रँक गेल आणि मार्था गुडवे यांनी त्या घराच्या धातूची तपासणी प्रसिद्ध केली. त्यात ८ टक्के तांबे होते. शिवाय त्यात गिनिए-प्रेस्टनचे पुंजके सापडले, तेही दोन मापांचे. दहा ते बावीस नॅनोमीटरचे मोठे पुंजके ओतकामाच्या वेळचे, तर तीन नॅनोमीटरचे बारीक पुंजके नंतरच्या नव्वद वर्षांत नेहमीच्या हवेत आपोआप तयार झालेले. म्हणजे साच्यात ओतणाऱ्या कारागिराने, विल्मच्या तीन वर्षे आधी, नकळत धातू मुरवला होता. त्याला ते कळले नव्हते, पण त्याच्या हातून ते घडले होते.

लहान वर्कशॉपमध्ये ओतलेला तुकडाही मुरू शकतो, याचा हा पक्का पुरावा आहे. मात्र नकळत घडलेली गोष्ट पुन्हा हुकमी घडवता येत नाही. ती हुकमी घडवायला शिकणे हाच पुढचा इतिहास.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या टेडिंग्टन येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत वॉल्टर रोझेनहाइन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ४ टक्के तांबे, २ टक्के निकेल आणि दीड टक्का मॅग्नेशियम असलेला ‘वाय’ मिश्रधातू तयार केला. तो ओतता येत होता, मुरवता येत होता आणि इंजिनाच्या आचेत टिकत होता, म्हणून पिस्टनसाठी नावाजला गेला. १९२० च्या आसपास अलादार पाझ याने सिलिकॉनच्या मिश्रधातूत सोडियमचा अंश घालून त्याचे दाणे बारीक करण्याची युक्ती काढली. सिलिकॉनमुळे धातू पातळ वाहतो आणि साच्याच्या कानाकोपऱ्यात जातो. त्यात थोडे मॅग्नेशियम घातले की तो मुरतोही. आजच्या ओतीव ॲल्युमिनियमचे मोठे घराणे इथूनच निघाले.

कारखान्यातली आजची रीत अशी : सिलिकॉन-मॅग्नेशियमचा ओतीव भाग ५४० अंशांच्या आसपास कित्येक तास ठेवायचा, भट्टीतून काढून काही सेकंदांत पाण्यात बुडवायचा आणि मग १५५ ते १६० अंशांना तीन-चार तास मुरवायचा. पाणी थंड घेत नाहीत, ६५ अंशांच्या वरचे घेतात, कारण एकदम गारठला तर भाग वाकडा होतो. या तीन पायऱ्यांनी ताण सोसण्याची ताकद चांगलीच वाढते, काही मिश्रधातूंत ती दुपटीच्या घरात जाते.

आग्रा रोडवरून गेलेली विद्या

ही विद्या महाराष्ट्रात आली ती कारखान्यांच्या कुंपणाआडून. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला विमान कारखाना काढला. भारतात ड्युरॅल्युमिनचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले ते अशा ठिकाणी. १९५३ मध्ये अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी उभी राहिली. विल्मसमोर काडतुसांच्या पितळेचा जो प्रश्न होता, त्याच जातीच्या धातूंचे काम मुरबाडपासून तासाभराच्या वाटेवर होऊ लागले. १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. मुंबई आणि ओझर यांना जोडणारा आग्रा रोड शहापूरवरूनच कसारा घाट चढतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरीच्या सड्यांवरचे बॉक्साइट बेळगावच्या कारखान्याकडे जाऊ लागले. १९८९ मध्ये नागपूरजवळ वाडी येथे जवाहरलाल नेहरूंच्या नावाने ॲल्युमिनियमचे स्वतंत्र संशोधन केंद्र निघाले. पुढे खुद्द मुरबाडला औद्योगिक वसाहत झाली, आसनगाव-आटगावच्या बाजूला कारखाने आले.

म्हणजे विद्या दूर नव्हती. ती शहापूरच्या दारावरून जात-येत होती. पण ती थांबली ती पगारी नोकरीच्या आणि फाटकावरच्या पासच्या पलीकडे. शहापूर-मुरबाडच्या वाट्याला बहुधा दुसरी भूमिका आली : मुंबईला पाणी, लाकूड आणि कोळसा पुरवण्याची. तानसा, वैतरणा, भातसा यांचे पाणी नळांनी शहराकडे गेले. ठाणे-रायगडच्या जंगलपट्टीतल्या कातकरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या कोळसाभट्ट्या लावल्या आणि अनेकांनी त्या उचल घेऊन, वेठीसारख्या लावल्या. वेठबिगारीविरोधी कायदा १९७६ चा. तो ठाणे जिल्ह्यात अमलात यावा म्हणून १९८० च्या दशकात श्रमजीवी संघटनेला झगडावे लागले. ज्यांनी आग पुरवली, त्यांच्या वाट्याला आगीचे शास्त्र आले नाही.

भंगाराचे कोडे

तरीही ॲल्युमिनियम गावात ओतले जाते. भातगिरणीची पुली, पंपाचे झाकण, यंत्राचा एखादा हात तुटला आणि सुटा भाग मिळेना, की भंगारातले पिस्टन, इंजिनाची झाकणे, फुटकी पातेली मुशीत घालून वितळवतात आणि वाळूच्या साच्यात ओततात. भाग निवला की घासून लावून टाकतात. काही दिवसांनी तो वाकतो किंवा तडकतो आणि ‘जर्मनच ते, त्यात काय दम’ असा निवाडा होतो.

दोष धातूच्या जातीचा नसतो. पहिली अडचण भंगाराची. पातेले जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियमचे असते, त्यात मुरायला काहीच नसते. कितीही तापवा आणि बुडवा, ते जसेच्या तसे राहते. पिस्टनमध्ये मात्र सिलिकॉन, तांबे, मॅग्नेशियम, बहुधा निकेलही असते आणि तो मुरवण्यासाठीच बनलेला असतो. त्यात पातेली मिसळली की मसाल्यात पाणी घातल्यासारखे होते. पिस्टन वेगळे आणि भांडी वेगळी ठेवणे ही पहिली सुधारणा, आणि तिला पैसा लागत नाही.

दुसरी अडचण हवेची. वितळलेले ॲल्युमिनियम ओलाव्यातून हायड्रोजन शोषून घेते आणि गोठताना तो बाहेर टाकते. त्याची बारीक छिद्रे अंगात राहतात. कोकणच्या पायथ्याशी, चार महिने पाऊस झेलणाऱ्या मुलखात, ओले भंगार आणि दमट वाळू हे दुखणे वाढवतात. ओले भंगार वितळलेल्या रसात टाकले तर वाफेचा स्फोट होऊन माणूस भाजतो, हा त्याहून मोठा धोका. आणि साच्यात कोंडलेली हवा ज्या भागात असेल तो ५०० अंशांच्या वर तापवला, तर अंगावर फोड येतात. म्हणून दाब देऊन ओतलेल्या भागांना ही प्रक्रिया सहसा देत नाहीत.

तिसरी अडचण सर्वांत मोठी, तापमान ओळखण्याची. जुन्या कारागिरांनी काही युक्त्या काढल्या होत्या. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर साबण घासून तापवला आणि साबण काळा पडला, की पत्रा ठोकण्याजोगा मऊ झाला असे समजत. पत्रा मऊ करायला ही खूण पुरते. पाणी पाजायला ती उपयोगी नाही, कारण तिथे वीस-पंचवीस अंशांची चूकही महागात पडते : कमी पडले तर मसाला विरघळत नाही आणि जास्त झाले तर दाण्यांच्या कडा वितळून भाग आतून पोकळ होतो. इथे थर्मोकपल हवेच. एके काळी ते प्रयोगशाळेची चीज होते. आज तापमान नियंत्रकासकट ते विजेच्या सामानाच्या दुकानात लहान वर्कशॉपला परवडेल अशा किमतीत मिळते.

पूर्ण भट्टी नसली तरी अर्धी वाट चालता येते. ओतलेला भाग गोठल्यावर साच्यात रात्रभर निवू न देता गरम असतानाच काढून पाण्यात बुडवायचा आणि मग १६० अंशांच्या आसपास काही तास मुरवायचा. मुरवण्याची ही पायरी साध्या विजेच्या ओव्हनमध्येही होते, फक्त तो ओव्हन पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. पूर्ण प्रक्रियेइतकी ताकद यातून येत नाही, पण नुसत्या ओतलेल्या भागापेक्षा तो बरा ठरतो. डेटनच्या कारागिराने नकळत केले ते साधारण याच जातीचे. मात्र जिथे माणसाचा जीव टांगला आहे, जसे गाडीचा स्टिअरिंगचा भाग किंवा वजन उचलणारा आकडा, तिथे अनोळखी भंगाराचा ओतीव भाग कधीच लावू नये. मुरवलेला असला तरी नाही.

निवाडा कोणाचा

धातूंच्या इतिहासात आपण बहुधा खाणी, कारखाने आणि शोध लावणारे मोजतो. पण एखादे ज्ञान कोणत्या माणसापर्यंत कोणत्या साधनातून पोचते, हाही इतिहासच आहे. लोहाराचे शास्त्र डोळ्यातून पोचले, कारण पोलाद दिसते. ॲल्युमिनियमचे शास्त्र आकड्यांतून पोचते, कारण ते दिसत नाही. आकडे वाचायचे साधन आणि ते शिकवणारे कोणी नव्हते, तिथे हा धातू दुबळा ठरला. त्याच धातूची विमाने गावावरून उडत असताना खाली त्याला ‘नुसतं जर्मन’ म्हटले जात होते. ज्याला मुरायला ना ऊब मिळाली ना सवड, त्याच्या कमकुवतपणाचा दोष त्याच्याच जातीला लावायचा, ही सवय आपण धातूपुरतीच ठेवलेली नाही.

आता तालुक्याच्या गावी आयटीआय आहेत. ‘फाउंड्रीमन’ हा व्यवसाय त्यांच्या अभ्यासक्रमांच्या यादीत आहे. वाशिंद-आसनगावहून रोज लोकलने कारखान्यांत जाणारी, भट्टीच्या नियंत्रकावरचे आकडे वाचू शकणारी मुले घरोघर आहेत. गावातल्या ओतणाऱ्याला त्या मुलाने एकदा थर्मोकपल लावून दाखवले आणि पिस्टन-पातेल्यांचे ढीग वेगळे करून दिले, तर पुढच्या खेपेस भातगिरणीची पुली वाकण्याआधी विचार करील. आणि म्हशाच्या यात्रेत एखादे गिऱ्हाईक ओतीव ॲल्युमिनियमचा भाग हातात घेऊन वजनाआधी विचारील, ‘मुरवलंय ना?’